बाल्कनीतली बाई

वॉर्सा, २ नोव्हेंबर १९७७

प्रिय लुदका,

पत्रास कारण विशेष नाही.

काल सर्व संतांचा दिवस, म्हणून स्मशानात गेलो. तुझ्या आईच्या थडग्यावर शेवंतीची कुंडी आधीच ठेवलेली होती आणि दिवाही जळत होता. मेण फारसं वितळलं नव्हतं, म्हणजे तू नुकतीच येऊन गेली असणार. मी फाटकाकडे बघत उभा राहिलो. पण त्या दिवशी फाटकाशी अख्खं वॉर्सा लोटलेलं असतं, त्यात तुझी टोपी कुठली ओळखू येणार? मग माझ्या दिव्याला एका कोपऱ्यात जागा केली. तुझी कुंडी जरा डावीकडे सरकवली, कारण ती नावाच्या आड येत होती. रागावू नकोस.

तू माझ्या पत्रांना उत्तर देत नाहीस. शेवटचं जे बोललीस ते मला पाठ आहे. लोकांची पत्रं फोडणाऱ्या माणसाला पत्र लिहीत नसतात, असं म्हणाली होतीस. लुदका, मी पुन्हा एकदा स्पष्ट करतो. पत्रं फोडणारं खातं वेगळं आहे. त्यांची इमारतसुद्धा वेगळी. त्यांच्यात आणि आमच्यात साधी कपबशीची देवाणघेवाण नाही. आम्ही सेन्सॉरवाले फक्त छापलं जाणारं, गायलं जाणारं आणि पडद्यावर दाखवलं जाणारं बघतो. हे पत्र वाटेत कोणी वाचत असेल, तर त्यांनाही हे पटावं.

दुसरं ते निधनाच्या बातमीचं. आईच्या बातमीत तू ‘औषध न मिळाल्यामुळे’ असं लिहिलं होतंस आणि ते मी काढलं. ते नाहीतरी छापून आलं नसतं. वर्तमानपत्राच्या टेबलावर बसलेल्या कुणा पोराने ते काढलं असतं आणि वर तुझं नाव कुठेतरी टिपून ठेवलं असतं. मी काढलं, म्हणजे निदान घरच्या माणसाने काढलं. यात तुला काही फरक का दिसत नाही, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आता मुद्द्याचं. कारण विशेष नाही म्हणालो ते तितकंसं खरं नव्हे. तू लिहिलेला ‘पावसाची शक्यता नाही’ हा चित्रपट डिसेंबरात समितीपुढे येतो आहे, आणि आमच्या ऑफिसतर्फे तिथे बसायला योगायोगाने मला नेमलं आहे. तू आईचं माहेरचं आडनाव लावतेस, त्यामुळे लुदविका सिकोरा ही सेव्हेरिन गायदाची मुलगी, हे तिथे कोणाला ठाऊक नाही. मीही बोलणार नाही.

विनोदी आहे असं कळतं. विनोदी चित्रपट फार जड जातात. रडका चित्रपट असला की समिती पेंगत पेंगत पास करते. विनोदी असला की प्रत्येक जण आधी शेजाऱ्याकडे बघतो, हा हसतोय का ते. कारण पहिला कोण हसला हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. आणि नापास झाला तर वूज शहरातल्या तुमच्या स्टुडिओच्या गोदामात फितीचे डबे धूळ खात पडतात. असे कितीतरी पडलेत. तुझा पडू नये असं मला वाटतं.

लोकरी मोजे घालत जा.

तुझा,
बाबा

वॉर्सा, १६ डिसेंबर १९७७

प्रिय लुदका,

तू मागच्या रांगेत दिग्दर्शक ओल्गिएर्दच्या पलीकडे बसली होतीस. तू मला पाहिलंस, मी तुला पाहिलं आणि दोघांनीही ओळख दाखवली नाही. कामाच्या दृष्टीने ते बरं झालं. तू केस कापलेस. चांगले दिसतात.

चित्रपट चांगला आहे. हे मी बाप म्हणून बोलत नाही. जिल्ह्याच्या गावातलं हवामान ऑफिस, एक मेची मिरवणूक, आणि त्या दिवशी पाऊस पडणार नाही असं वरून ठरलेलं. रेडिओ सांगतो पावसाची शक्यता नाही, आणि वर आभाळ फाटलेलं. मग छत्री कोणी उघडायची? सगळं गाव मिटलेली छत्री काखेत मारून चिंब भिजत चाललंय, भाषण करणारे साहेब नाकाच्या शेंड्यावरून पाणी गळत असताना सूर्याचे आभार मानताहेत, आणि बँडवाला फुंकतो तर त्याच्या तुतारीतून सुरांच्या ऐवजी अर्धी बादली पाणी. अध्यक्ष वोयनार पहिले हसले. अध्यक्षच हसले म्हटल्यावर बाकीच्यांनाही मोकळं झालं.

आता मी तुला काही शिकवत नाही, पण तुम्ही मंडळी काय करता ते आम्हाला चांगलं ठाऊक असतं. तुम्ही चित्रपटात एक बळीचा बकरा घालता. असा काही भडक प्रसंग, की तो कापल्याशिवाय कोणी पुढे जाऊच शकणार नाही. समिती त्यावर तुटून पडते, तुम्ही छाती बडवून घेता, कलेचा खून झाला म्हणता, आणि बकरा कापून सगळे समाधानाने जेवायला जातात. तेवढ्यात बाकीचा कळप मागच्या दाराने पसार. एका पठ्ठ्याने लग्नाच्या चित्रपटात दारू प्यालेला शिपाई घोड्यावर बसवून थेट चर्चमध्ये आणला होता. आम्ही घोडा कापला. चित्रपट वर्षभर चालला.

तुझा बकरा मी लगेच ओळखला. हवामान ऑफिसातला तो उपसंचालक घरी येतो. कानामागे लाल पेन्सिल. चष्मा टायच्या टोकाने पुसतो. बायकोच्या नावाच्या संताचा दिवस, घरात वाढदिवसासारखा थाट, म्हणून दोन वेण्यांची मुलगी आईसाठी केलेली कविता वाचायला उभी राहते. तो कागद मागून घेतो, तिसरी ओळ लाल पेन्सिलीने खोडतो, समासात ‘अतिशयोक्ती’ असं लिहितो आणि कागद परत देतो. बायको म्हणते, सूप खारट झालंय. तो म्हणतो, सूप पुरेसं खारट आहे, असं म्हण.

सभागृह हसून कोसळलं. वोयनारना हसता हसता ठसका लागला. मग त्यांची नजर माझ्या टायकडे गेली आणि ठसका थांबला.

तो मी आहे, यात शंका नको. कविताही खरी होती. त्या तिसऱ्या ओळीत ‘आई कधी थकत नाही’ असं होतं, आणि ते खरं नव्हतं, म्हणून मी ती काढली होती. तुला ते इतकं लक्षात राहिलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

दिवे लागल्यावर वोयनार म्हणाले, बाकी सगळं ठीक, पण पेन्सिलवाला प्रसंग जायला हवा. आमचं खातं आहे हेच मुळात पडद्यावर दिसता कामा नये, मग ते घरात सपाता घालून का बसलेलं असेना. ओल्गिएर्दने नेहमीप्रमाणे हात वर केले. आणि मग तू उभी राहिलीस. हा प्रसंग गेला तर माझं नावही काढून टाका, म्हणालीस. तुझा आवाज कापत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्या शेजारचा समीक्षक कानात कुजबुजला, ही यंदाची छाती बडवणारी. पण मी तुझा बाप आहे. तू सायकलवरून पडून मनगट मोडून घेतलं होतंस तेव्हा टिपूस काढलं नव्हतंस. तू खोटं रडत नाहीस. म्हणजे हा बकरा नव्हे.

आणि लुदका, मला आणखी एक वाटलं, तेही लिहून टाकतो. तू माझ्याशी इतकी वर्षं बोलली नाहीस, पण माझ्यावर लिहिलंस. सपातासुद्धा बरोबर होत्या. मला ते पत्रासारखं वाटलं. माझ्या सगळ्या पत्रांना मिळून एक उत्तर. ते मी कापू कसं देणार?

मी उभा राहिलो. म्हटलं, हा प्रसंग आमच्या खात्यावर नाहीच. असे बाप घरोघरी असतात, माझा मेव्हणा तर हुबेहूब असाच आहे. आमच्या ऑफिसची काही हरकत नाही. आता सेन्सॉरचीच हरकत नाही म्हटल्यावर दुसरा कोण पुढे होणार? वोयनार मात्र कपाळाला हात लावून बसले. काहीच न कापता पास केला तर वरचे विचारतील, तुम्ही काय डोळे मिटून बसला होता का. काहीतरी कापायलाच हवं.

त्यावरही तोडगा मीच काढला. मिरवणुकीनंतर एक बाई बाल्कनीत येते. आत रेडिओ चालू असतो, पावसाची शक्यता नाही. ती हात बाहेर काढते, तळवा ओला होतो, तो बघते, आणि मग दोरीवरचे कपडे एकेक करून काढत राहते. संवाद नाही, विनोद नाही. मी म्हटलं, इथे लय ढिली पडते, हे जाऊ दे. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणाचं काही गेलं नाही आणि कापलंही गेलं. तू मटकन खाली बसलीस आणि हातांत तोंड झाकून घेतलंस. मी समजलो, सुटल्यासारखं झालं असणार.

चित्रपट पास झाला आहे. आभार मानायची गरज नाही.

आणि हो, योगायोगाने नव्हे. ती जागा मी मागून घेतली होती.

तुझा,
बाबा

वॉर्सा, २७ डिसेंबर १९७७

लुदका,

नाताळच्या आदल्या रात्री अनाहूत पाहुण्यासाठी एक ताट जास्त मांडतात. मी एकटाच, तरी रीत म्हणून दोन ताटं मांडली होती. बीटचं सूप केलं होतं. शेजारच्या ब्रोन्याबाईंनी तळलेल्या माशाचा तुकडा आणून दिला होता. फोन वाजला, आणि वूजहून कॉल आहे असं एक्स्चेंजमधल्या बाई म्हणाल्या, तेव्हा मला वाटलं आभाराचा आहे. मी ‘अगं, त्यात काय एवढं’ हे वाक्यसुद्धा तयार ठेवलं होतं.

तू जे बोललीस ते इथे लिहून काढतो. एकही शब्द गाळत नाही.

तू म्हणालीस, “बाबा, तो बकराच होता. कापून घ्यायलाच केला होता, अर्ध्या दिवसात उरकला. मी रडले ते ठरवून. ओल्गिएर्द म्हणाला होता, जोरात रड, नाहीतर त्यांना संशय येईल.”

मी विचारलं, मग नंतर तोंड झाकून घेतलंस ते?

“ते खरं होतं.”

  कॉलची वेळ संपत आल्याची खरखर सुरू झाली तेव्हा तू म्हणालीस, “बाल्कनीत आई होती. तुम्ही स्वतःला लगेच ओळखलंत, बाबा. तिला नाही ओळखलंत.” आणि फोन ठेवलास.

सूप तसंच राहिलं.

लुदका, ती रोज हात बाहेर काढायची. मी सकाळी रेडिओ लावायचो, हवामान सांगून व्हायचं, आणि ती स्वयंपाकघराची खिडकी उघडून तळवा बाहेर धरायची. मी म्हणायचो, पोला, आत्ताच सांगितलं ना. ती म्हणायची, हो, ऐकलं की, आता आभाळाला विचारून घेते. आणि ओला हात माझ्या गालाला पुसायची. मी चिडायचो, कारण दाढी नुकतीच केलेली असायची. कपडे काढताना ती चिमटे दातांत धरायची. तुझ्या त्या नटीनेही धरले होते. ते मी पाहिलं होतं. पाहिलं आणि लय ढिली पडते म्हणालो.

तिच्याबरोबर मी किती सकाळी काढल्या! अंधारात ओळखायला हवी होती. आणि मी माझ्या सपाता बघत बसलो.

मला फार वाईट वाटतं आहे. हे वाक्य दुसऱ्या शब्दांत लिहून पाहिलं, जमलं नाही.

बाबा

वॉर्सा, १० फेब्रुवारी १९७८

प्रिय लुदका,

काल तुझ्या आईच्या नावाचा दिवस होता. त्या निमित्ताने वोयनारांकडे गेलो. निमित्त त्यांना सांगितलं नाही. बरोबर कॉफीचं पाकीट नेलं होतं, खरी कॉफी, परदेशी.

म्हटलं, अध्यक्षसाहेब, माझ्याकडून चूक झाली. तो पेन्सिलवाला प्रसंग कापा आणि बाल्कनीचा परत घाला. फार विचार केला, पेन्सिल भलतीच आक्षेपार्ह आहे. मी त्या प्रसंगावर तुटून पडलो. आम्ही लोक जसे पडतो तसा. स्वतःच्याच वाक्यांत काय काय वाईट आहे ते त्यांना मुद्द्यांसह समजावून दिलं.

ते कॉफीचं पाकीट हुंगत सगळं ऐकत राहिले. मग म्हणाले, “गायदा, तुम्ही उशीर केलात. वरच्या साहेबांनी चित्रपट त्यांच्या बंगल्यावर मागवून पाहिला. पेन्सिलीवर इतके हसले की बाईसाहेबांना पाणी आणावं लागलं. आता जेवायला बसले की रोज म्हणतात, सूप पुरेसं खारट आहे. तो प्रसंग कापून मी माझी मान देऊ का?”

मी म्हटलं, मग तो राहू दे, पण बाल्कनी परत द्या.

“का? त्यात काय आहे?”

 माझ्यापाशी उत्तर होतं, पण ते दिलं असतं तर तू माझी मुलगी हे बाहेर आलं असतं. मी म्हटलं, बाई कपडे काढते.

त्यांनी कॉफीचं पाकीट खणात ठेवलं. मग म्हणाले, “हे बघा, परत घालायचं तर बैठक परत घ्यायला हवी. परत बैठक म्हणजे सगळंच परत उघडणार. कोणीतरी म्हणेल, सेन्सॉरचा माणूस दोनदा येऊन एका बाईसाठी भांडतो म्हणजे त्या बाईत काहीतरी आहे. मग ते शोधत बसतील, आणि शोधणाऱ्यांना सापडतंच. चित्रपट गोदामात जाईल. तुम्हाला तसं हवंय का?”

मी नको म्हणालो आणि निघालो. निघताना त्यांनी कॉफी परत दिली नाही.

मी केलं ते बरोबर की चूक, ते तूच सांग. बाईसाठी अख्खा चित्रपट जायला हवा होता का? तू हो म्हणालीस तर उद्या अर्ज करतो. मी आठ दिवस वाट बघेन. मग समजेन की नको.

बाबा

वॉर्सा, २० मे १९७८

प्रिय लुदका,

आठ दिवसांचे तीन महिने झाले. अर्ज केला नाही.

अभिनंदन. पोस्टरं सगळीकडे लागली आहेत. तिकिटांसाठी हॅमच्या दुकानापुढे असते तशी रांग असते, आणि लोक दोन्ही रांगांत एकदमच उभे राहतात, कोणी ना कोणी जागा धरतं. ब्रोन्याबाई दोनदा बघून आल्या. जिन्यात मला म्हणाल्या, “गायदासाहेब, त्यात एक माणूस आहे, अगदी... अगदी कोणासारखा तरी.” मी म्हटलं, माझ्यासारखा. त्या बिचाऱ्या इतक्या ओशाळल्या की संध्याकाळी वाटीभर लोणचं घेऊन आल्या.

ऑफिसात मला आता नाव पडलं आहे, पुरेसं खारट. कँटीनची बाईसुद्धा वाढताना विचारते, साहेब, सूप कसं आहे? परवा मी चव घेऊन म्हटलं, खारट आहे. ती हसायचं थांबली. खरंच खारट होतं.

हे सगळं चाललं असतं, पण सिकोरा हे माझ्या बायकोचं माहेरचं नाव, हे कोणीतरी शोधून काढलं. मला वरती बोलावलं. स्वतःच्या मुलीच्या चित्रपटात स्वतःचंच सोंग पास करणारा सेन्सॉर त्यांनी आजवर पाहिला नव्हता. कुठलं कलम लावावं तेही त्यांना ठरवता येईना. शेवटी वय बघून सौम्य घेतलं आणि मला वेष्टनं आणि काड्यापेट्यांच्या विभागात टाकलं. आता माझ्याकडे साबण, सार्डिनचे डबे आणि सर्कशीची तिकिटं येतात. काल साबणाच्या वेष्टनावर ‘आता जास्त फेस’ असं होतं. म्हणजे आधी फेस कमी होता काय, असा प्रश्न उद्भवतो, म्हणून नियमाने ‘जास्त’ काढायला हवा. मी राहू दिला. पाहू काय होतं.

तुला याचा काही त्रास झाला असेल तर कळव. मी सांगितलं आहे की तुझा माझा संबंध नाही आणि कित्येक वर्षांत तू मला एक ओळही लिहिलेली नाहीस. पुरावा मागितला असता तर तोही भक्कम होता.

चित्रपट मी अजून पाहिलेला नाही. म्हणजे कापल्यानंतरचा.

बाबा

वॉर्सा, ११ सप्टेंबर १९७८

प्रिय लुदका,

पाहिला.

जुलैपर्यंत टाळलं. मग मोठ्या चित्रपटगृहांतून तो उतरला आणि नदीपलीकडच्या एका लहानशा थिएटरात लागला, तेव्हा म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. दुपारचा खेळ होता. लाकडी खुर्च्या. माझ्या शेजारी एक जाडजूड बाई चेरीची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

पेन्सिलीला लोक हसले. खरं सांगायचं तर मीही हसलो. तो नट माझ्यापेक्षा चांगला चष्मा पुसतो. मुलीच्या हातात कागद परत दिल्यावर ती त्याच्याकडे बघते ते मात्र मी समितीत बसून पाहिलंच नव्हतं. तुम्ही अर्ध्या दिवसात उरकलं म्हणतेस, पण त्या पोरीने काही उरकलेलं नाही. मला खाली बघावं लागलं.

मग मिरवणूक. तुतारीतलं पाणी. आणि मग एकदम संध्याकाळ, रस्ते वाळलेले, ते साहेब खुर्चीत बसून पाय शेकताहेत. मध्ये काहीच नाही. ज्याला माहीत नाही त्याला वाटावं, ऑपरेटर डुलकी घेत होता. मागून कोणी शिट्टीही मारली.

लुदका, जन्मभर मी जे काढलं ते निघालं. ती जागा नंतर कशी दिसते हे बघायला मी कधी गेलो नव्हतो. कोणीच जात नाही. तिथे बाई नव्हती, आणि ती नाही हे त्या अख्ख्या थिएटरात एकट्या मला माहीत होतं. मला ते सहन झालं नाही.

मी बोललो. हळू नव्हे, चांगलं मोठ्याने. “इथे एक बाई होती.”

शेजारच्या बाई दचकल्या. “कुठे?”

“इथेच. बाल्कनीत.”

“मग गेली कुठे?”

“कापली.”

“कोणी?”

“मी.”

त्यांनी चेरीची पिशवी दुसऱ्या मांडीवर घेतली. मागून कोणीतरी, आजोबा, गप्प बसा, पिक्चर बघू द्या, असं म्हणालं. पण मला आता थांबता येईना. मी म्हटलं, आत रेडिओ चालू असतो, पाऊस नाही म्हणून सांगत असतो. ती हात बाहेर काढते. विचारून घेते. हात भिजतो. मग चिमटे दातांत धरते आणि कपडे काढते, घाई न करता, कारण आता भिजलेतच, पण कोणीतरी काढायला हवेतच ना. थिएटर शांत झालं. पडद्यावर ते साहेब काहीतरी विनोदी बोलत होते, पण कोणी हसलं नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं, “कोण होती हो ती?”

मी म्हटलं, “माझी बायको.”

 त्यांनी पिशवी माझ्यापुढे धरली. मी चेरी घेतल्या. मग मी रडलो, आणि ठरवून नाही.

तेव्हापासून चित्रपट जिथे जिथे लागतो तिथे जातो. ऑफिसात विचारणा झाली. मी म्हटलं, साहेब, मी काड्यापेट्यांचा माणूस, सिनेमात काय होतं नि काय नव्हतं हे मला कसं कळणार? म्हातारा भ्रमिष्ट झालाय असं लिहून त्यांनी सोडून दिलं. दोन ठिकाणी मला बाहेर काढलं. नदीपलीकडच्या थिएटरातली तिकीटवाली मात्र आता मला कडेची खुर्ची ठेवते, आणि मिरवणूक संपत आली की दार लोटून स्वतः आत येऊन उभी राहते. तीही कोणाची तरी बायको आहे, कोणाची तरी आई. ऐकून घेते आणि जाते.

पण एक अडचण आहे. तो प्रसंग मी एकदाच पाहिला, आणि तोही घड्याळाकडे बघत. शेवटी ती दोरीवरून काय काढते? मी फ्रॉक सांगतो, लहान मुलीचा, निळा. सदराही असेल. मला नक्की आठवत नाही, आणि लोकांना खोटं सांगितलेलं मला आता आवडत नाही. तुमच्या गोदामात ती फीत असली तर असो, नसली तर नसो. तुझ्या डोक्यात ती आहे.

येत्या रविवारी पुन्हा लागतो आहे. तू ये. बोलायला नको, शेजारी बसायलाही नको, मागच्या रांगेत बस. मी सांगतो ते नीट ऐक, आणि जिथे चुकेल तिथे मला दुरुस्त कर.

बाबा